छापखान्याची फाइल, मोफत साधनं आणि मराठी अक्षर

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक आपल्या गावाच्या इतिहासाचं पुस्तक पुन्हा छापायचं म्हणून माझ्याकडे आले. पहिली आवृत्ती २००१ची, पाचशे प्रती, सगळ्या संपलेल्या. सोबत प्लास्टिकच्या डबीत जपून ठेवलेली एक सीडी होती. इतक्या वर्षांनी ती वाचली गेली हेच नशीब. तिच्यात पेजमेकरच्या अकरा फायली होत्या, पण मजकूर ज्या फॉन्टमध्ये जुळवला होता तो फॉन्ट नव्हता. फाइल उघडली की रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा, डॉलरची चिन्हं. दोनशे पानांचा मराठी मजकूर आणि त्यात एकही मराठी अक्षर दिसेना. अक्षरजुळणी करणारं दुकान कधीच बंद झालं होतं. "म्हणजे सगळं पुन्हा टाइप करायचं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवला नाही.

पुस्तक छापायचंय, कुठलं मोफत सॉफ्टवेअर घेऊ, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे लेखक विचारतात, दोन-तीन माणसांवर चाललेले प्रकाशक विचारतात, शतकमहोत्सवाची स्मरणिका काढणारी वाचनालयं विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्या आवृत्तीचा खर्च असतो. माझ्या डोळ्यांसमोर ती सीडी येते. म्हणून या आढाव्यात मी प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारणार आहे. मराठी अक्षर नीट उमटतं का? छापखान्याला चालेल अशी फाइल निघते का? आणि वीस वर्षांनी त्याच फायलीतून पुढची आवृत्ती काढता येईल का? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या लेखी तोच सर्वांत मोठा आहे.

ती सीडी अशी का झाली, ते आधी सांगायला हवं. पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीने आणलं. १९९४मध्ये ते अडोबीकडे गेलं आणि २००१च्या सातव्या आवृत्तीनंतर त्याचं काम थांबलं. त्या प्रोग्रॅमला देवनागरी म्हणजे काय हे कधीच कळलं नाही. मग आपल्याकडच्या लोकांनी वाट काढली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम या साधनांनी देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवले. काना एका कळीवर, रफार दुसऱ्या, अर्धा श तिसऱ्या. या लोकांनी मराठी छपाईवर मोठे उपकार केले आहेत. त्यांच्यामुळेच दिवाळी अंक आणि पाठ्यपुस्तकं खिळ्यांच्या जुळणीतून बाहेर पडली. पण प्रत्येकाचे तुकडे वेगळ्या जागी होते. त्यामुळे फॉन्ट हरवला की मजकूर हरवला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासूनच होती, पण पानं लावणाऱ्या टेबलापर्यंत ती पोचायला पुढची वीसेक वर्षं गेली. आजही अनेक टेबलांवर पेजमेकर चालू आहे, आणि नवी पुस्तकंसुद्धा त्याच जुन्या सांकेतिक अक्षरांत जुळवली जात आहेत. म्हणजे २०४५ सालच्या कुणा शिक्षकासाठी आपण आजच तशी सीडी तयार करून ठेवतो आहोत.

मोफत आणि मुक्त यांतला फरकही इथेच सांगतो. मोफत म्हणजे आज पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड खुला आहे, कुणीही तो वापरावा, सुधारावा, वाटावा. एखाद्या कंपनीने दुकान बंद केलं तरी तो प्रोग्रॅम कुणाला तरी चालता ठेवता येतो. लिब्रेऑफिस, स्क्रायबस, इंकस्केप, गिंप, क्रिटा, टेक ही साधनं मुक्त आहेत. कॅनव्हा मोफत मिळतं, पण मुक्त नाही. अॅफिनिटी हे उत्तम साधन विकत मिळत असे. २०२४मध्ये कॅनव्हाने ते बनवणारी कंपनी घेतली आणि २०२५च्या ऑक्टोबर अखेरीस ते मोफत केलं. तेही मुक्त नाही. आणि कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर आलेली चोरीची प्रत यांपैकी कशातच बसत नाही. ती वापरणाऱ्याला मी दोष देत बसणार नाही, कारण महिन्याचं भाडं भरून सॉफ्टवेअर चालवणं लहान प्रकाशकाला परवडत नाही हे मला माहीत आहे. पण चोरीची प्रत सुधारत नाही आणि नव्या संगणकावर बसेलच याचीही खात्री नसते. आपलं पुस्तक अशा प्रतीच्या भरवशावर सोडू नये.

आता अक्षर. कुठलंही साधन निवडण्याआधी त्यात मी एक ओळ टाकून बघतो: स्त्रियांच्या, निष्क्रिय, दुसऱ्या, ऱ्हास, आर्द्र, उद्ध्वस्त, वाङ्मय, क्लृप्ती, कर्तृत्व, षट्कोन, ऊर्मी, ॲड. या बारा शब्दांत जवळजवळ सगळ्या अडचणी येऊन जातात. 'स्त्रियांच्या'मधली पहिली वेलांटी 'स्त्र'च्या आधी दिसली पाहिजे. ती मध्येच उमटली तर ते साधन तिथेच बाजूला ठेवायचं. 'दुसऱ्या'मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा यायला हवा. तो रफार होऊन 'दुसर्या' झाला तर पुस्तकभर तीच चूक शेकडो वेळा होणार. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असतात. म्हणून जुळणी संपली की शोध-बदल करून सगळीकडे एकच प्रकार करून घ्यावा, नाहीतर पुढे शब्द शोधताना निम्मे सापडतच नाहीत.

ही परीक्षा पास होणारी मुक्त साधनं आज बरीच आहेत, आणि त्यामागे एक सुंदर गोष्ट आहे. हर्फबझ नावाची एक मुक्त यंत्रणा आहे. अक्षरांचे संकेत घेऊन, फॉन्टमधले नियम वाचून, जोडाक्षर कसं जुळवायचं ते ती ठरवते. नाव फारसीवरून आलं आहे, अर्थ खुलं अक्षर. 'हरफ' आपल्या जुन्या मराठीतही आहे. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड फोन हीच यंत्रणा वापरतात. लिब्रेऑफिसने २०१७मध्ये ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रकारच्या संगणकांवर हीच घेतली. स्क्रायबसमध्ये ती १.५.३ या चाचणी-आवृत्तीत आली, तीही त्याच वर्षी, आणि त्यामागचं बरंच काम ओमानमधल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींनी अरबी लिपीसाठी केलं होतं. ओमानच्या लोकांनी स्वतःच्या लिपीसाठी दार उघडलं आणि त्यातून देवनागरीही आत आली. मुक्त सॉफ्टवेअरवर माझा जीव का आहे, असं कोणी विचारलं तर मी हे सांगतो.

इथून पुढे मात्र कामाचे दोन भाग करावे लागतात. पुस्तकाचा आतला मजकूर हे एक काम, मुखपृष्ठ हे दुसरं. आतली पानं बहुधा एका शाईची असतात, ओळी हजारो, तळटीपा, अनुक्रमणिका, सूची. मुखपृष्ठ म्हणजे एकच पान, पण चार रंगांचं, कण्यासकट, कापायच्या कडेपर्यंत रंग भरलेलं. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये करायच्या हट्टापायी लोक महिने घालवतात. तो हट्ट सोडला की मोफत साधनांची निम्मी अडचण संपते.

आतल्या पानांसाठी बहुतेकांना मी लिब्रेऑफिस रायटर सुचवतो. डीटीपीवाल्यांना हे ऐकून धक्का बसतो, कारण रायटर म्हणजे अर्ज-पत्रं लिहायचं साधन अशी समजूत आहे. पण कादंबरी, कथासंग्रह, लेखसंग्रह, चरित्र, प्रबंध यांना जे लागतं ते सगळं त्यात आहे. पानाचा आकार डेमी अष्टमांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, ठेवता येतो. डाव्या-उजव्या पानांचे समास आरशासारखे उलटे करता येतात. प्रकरणाच्या पहिल्या पानाला वेगळी पानशैली देता येते. तळटीपा आपोआप जागेवर बसतात आणि अनुक्रमणिका पुन्हा पुन्हा हाताने करावी लागत नाही. पानशैलीत एक खूण केली की पानाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून येतात. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर मागच्या पानाची शाई अंधुक दिसते. ओळी जुळलेल्या असल्या की ते डोळ्याला खुपत नाही. जुन्या खिळे जुळवणाऱ्यांना हे हातानेच साधायचं. संगणकावर आल्यावर आपण ते विसरलो, आणि पुस्तकं गढूळ दिसायला लागली.

रायटरमध्ये मराठी माणूस सर्वांत आधी कुठे अडकतो तेही सांगतो. फॉन्ट बदलतो, पण अक्षर बदलत नाही. कारण रायटरमध्ये प्रत्येक शैलीला फॉन्टचे वेगवेगळे रकाने असतात: पाश्चात्त्य लिपींसाठी एक, आणि देवनागरी-अरबीसारख्या गुंतागुंतीच्या लिपींसाठी दुसरा. मराठीचा फॉन्ट आणि त्याचं माप या दुसऱ्या रकान्यात भरावं लागतं, आणि तिथेच भाषा मराठी निवडावी लागते. हे कळायला मला एकेकाळी पूर्ण दुपार लागली होती. शिवाय ठळक, तिरकं, मोठं असं हाताने न करता प्रत्येक गोष्ट शैलीतून करावी. शैलीतून केलेलं पुस्तक दहा मिनिटांत वेगळ्या आकारात बसवता येतं. हाताने रंगवलेलं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं.

रायटरचा खरा दोष शाईत आहे. त्याची पीडीएफ पडद्याच्या तीन रंगांत निघते, छपाईच्या चार शायांत निघत नाही. काळं अक्षरसुद्धा लाल-हिरवा-निळा शून्य असं लिहिलं जातं. छापखान्यात ते तसंच चार शायांत उलटवलं तर निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटांवर तेच अक्षर उमटतं. कागद केसभर हलला की बारीक अक्षराला रंगीत सावली येते. शिरोरेषेच्या लिपीत ती फार वाईट दिसते, कारण रेष अखंड असते आणि सावलीही अखंड होते. यावर उपाय सोपा आणि मोफत आहे. घोस्टस्क्रिप्ट नावाचा जुना प्रोग्रॅम एका ओळीच्या आज्ञेत सगळी पीडीएफ करड्या छटांत आणतो. मग अक्षर फक्त काळ्या प्लेटवर जातं. त्याच घोस्टस्क्रिप्टला प्रत्येक पानावर चारही शाया किती आहेत हे विचारता येतं. उत्तरात पहिले तीन आकडे शून्य आले की निश्चिंत व्हावं. आतली पानं एका शाईची असतील तर एवढ्यावर रायटरचा दोष उरतच नाही. आतली पानं रंगीत असतील तर मात्र रायटर सोडावा.

रंगीत आतल्या पानांसाठी आणि मुखपृष्ठासाठी स्क्रायबस. २००१पासून चाललेलं हे काम छपाईसाठीच आहे. चार शायांचे रंग, खास शाया, रंगांच्या प्रोफाइल, ब्लीड म्हणजे कापायच्या कडेबाहेर सोडलेला रंग, कापण्याच्या खुणा, छपाईसाठीच्या पीडीएफ-एक्सच्या जाती, सगळं त्यात पहिल्यापासून विचारात घेतलेलं आहे. पण जुन्या १.४ मालिकेत मराठी जोडाक्षरं फुटायची. त्या काळी ज्यांनी स्क्रायबस वापरून सोडून दिलं, त्यांच्या मनात ते अजून तसंच आहे. १ जानेवारी २०२४ला आलेली १.६ ही स्थिर आवृत्ती वेगळी आहे. वर दिलेले बारा शब्द तिच्यात नीट येतात. तिची फाइल साध्या वाचता येणाऱ्या खुणांच्या स्वरूपात असते, म्हणजे प्रोग्रॅम नसला तरी मजकूर बाहेर काढता येतो. पीडीएफ काढण्याआधी ती स्वतः तपासणी करते: चित्र कमी रेझोल्यूशनचं आहे, मजकूर चौकटीबाहेर सांडला आहे, असं सांगते. पुस्तकाच्या आयएसबीएनचा बारकोडही त्यातच तयार होतो, आणि तो फक्त काळ्या शाईत ठेवता येतो.

तरीही तीनशे पानांची कादंबरी स्क्रायबसमध्ये लावावी असं मी कुणाला सांगणार नाही. चौकट-चौकट जोडून लांब मजकूर वाहवत नेला की ते जड होतं, आणि तळटीपांचं काम रायटरइतकं विश्वासाचं नाही. बालपुस्तक, पाककृती, छायाचित्रांचं पुस्तक, स्मरणिका, जिथे प्रत्येक पान वेगळं दिसायचं आहे, तिथे ते उत्तम. बडोद्याच्या किंवा इंदूरच्या महाराष्ट्र मंडळांसारख्या संस्थांच्या स्मरणिकांत जाहिराती, फोटो, अहवाल, कविता एकत्र असतात. असं पुस्तक म्हणजे स्क्रायबसचंच काम.

तिसरी वाट टेकची. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना १९७७मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ती इतकी कुरूप होती की त्यांनी आपलं लेखन थांबवून अक्षरजुळणीची पद्धतच नव्याने तयार केली. तिच्यातली एक कल्पना मराठीला फार उपयोगी आहे. बहुतेक प्रोग्रॅम ओळ भरली की ती मोडतात आणि पुढे जातात. टेक अख्खा परिच्छेद एकदम बघतं, आणि शब्दांमधली मोकळी जागा सगळ्या ओळींत सारखी राहील अशा ठिकाणी ओळी मोडतं. मराठी शब्दांना विभक्ती, शब्दयोगी अव्ययं, 'सुद्धा', 'पर्यंत', 'बरोबर' चिकटतात आणि शब्द लांबतो. अरुंद पानावर दोन्हीकडून समास बांधला की एका ओळीत चार शब्द, मध्ये खिंडारं. आपल्या बहुतेक छापील पुस्तकांत ही खिंडारं दिसतात आणि वाचकाला ती दिसायची सवय झाली आहे. टेकमध्ये मराठीसाठी शब्द मोडण्याचे नियमही आहेत, जोडाक्षराला धक्का न लावता. जोनाथन क्यू यांनी २००४मध्ये आणलेलं झीटेक हे टेकचं रूप युनिकोड देवनागरी सरळ घेतं. पानांचे आकडे १, २, ३ असे मराठीत हवे असतील तर भाषेच्या ओळीत एक पर्याय लिहिला की झालं. काळं अक्षर मुळातच फक्त काळ्या शाईत निघतं. मजकुराची फाइल म्हणजे साधा मजकूर, कुठल्याही संगणकावर, कुठल्याही काळात उघडणारा. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर कुठल्याच साधनाकडे नाही.

मग सगळ्यांना हेच का सांगत नाही? कारण त्यात पान दिसत नाही, आज्ञा लिहाव्या लागतात. एक महिरपी कंस राहिला की सगळं अडतं, आणि कवीला आपली कविता पानावर दोन ओळी खाली सरकवायची असेल तर चिडचिड होते. गणिताचं, भाषाशास्त्राचं, व्याकरणाचं, खूप टीपा आणि सूची असलेलं पुस्तक असेल, किंवा एकाच मांडणीची वीस पुस्तकं काढायची असतील, तर टेक शिकण्यात घातलेला महिना वसूल होतो. एका कवितासंग्रहासाठी नाही. टाइप्स्ट नावाचं एक नवं साधन २०२३मध्ये खुलं झालं. त्याच्या आज्ञा सोप्या आहेत आणि देवनागरी त्यात जुळते. ज्याला टेकची भीती वाटते त्याने ते बघावं. अजून ते तरुण आहे, इतकं लक्षात ठेवावं.

मुखपृष्ठाच्या चित्राचं काम कशात करावं यावर फार वेळ घालवायला नको. फोटो गिंपमध्ये सुधारावा, रेषांचं चित्र आणि अक्षरांची सजावट इंकस्केपमध्ये करावी, हाताने रंगवायचं असेल तर क्रिटा घ्यावं. क्रिटामध्ये तर थेट चार शायांच्या रंगांत चित्र काढता येतं. गिंपची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ला आली आणि चार शायांची फाइल बाहेर काढणं सोपं झालं, पण काम आत पडद्याच्या रंगांतच चालतं. एक नियम मात्र पाळावा: पुस्तकाचं नाव गिंपमध्ये लिहू नये. तिथे अक्षराचे ठिपके होतात आणि छापल्यावर शिरोरेषेची कड फाटकी दिसते. नाव इंकस्केपमध्ये लिहावं, त्याचं रेषाचित्र करावं, किंवा सरळ स्क्रायबसमध्ये लिहावं. सगळे तुकडे शेवटी स्क्रायबसमध्ये आणून रंग तिथे ठरवावेत.

रंगाबद्दल एवढंच सांगतो की पडद्यावरचा भगवा कागदावर येत नाही. पडद्यावर तो आतून प्रकाश टाकतो; कागदावर तो गुलाबी आणि पिवळ्या शाईच्या ठिपक्यांनी बनतो. शाईचे आकडे ठरवून, छापखान्यातला रंगांचा तक्ता हातात घेऊन निवड करावी. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं मलपृष्ठावर टाकण्याची आवड अलीकडे दिसते. चार शायांच्या काळ्यात ती अक्षरं बुजतात.

कॅनव्हावर बरीच मुखपृष्ठं बनतात. तिथे ब्लीड आणि कापण्याच्या खुणांसह पीडीएफ मिळते, पण चार शायांचे रंग फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतात. शिवाय तिथलं चित्र तिथेच राहतं. पुढच्या आवृत्तीत दोन शब्द बदलायचे तर पुन्हा त्याच दारात जावं लागतं. अॅफिनिटीची मांडणी स्क्रायबसपेक्षा हाताला गोड आहे हे खरं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत मराठी जोडाक्षरं त्यात जुळत नसत. तेव्हा मोफत आहे म्हणून उतरवून घेतलंत, तरी आधी बारा शब्दांची ओळ टाका, मग पुढचं.

फॉन्टचा विषय या आढाव्यात थोडा जास्त वेळ घेईल, कारण सीडीतल्या त्या पुस्तकाचा घात फॉन्टनेच केला होता. ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळणारे फॉन्ट व्यावसायिक पुस्तकात वापरता येतात, पीडीएफमध्ये बसवता येतात, आणि मुख्य म्हणजे पुस्तकाच्या फोल्डरमध्ये ठेवून कुणालाही देता येतात. दहा-बारा वर्षांपूर्वी अशा फॉन्टांत पुस्तक लावावं असं देवनागरी अक्षर शोधावं लागे. आज मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे, शीर्षकांना बलू आहे; राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणलं आणि त्याच्या पायावर आयआयटी मुंबईत शोभिका तयार झाला, ज्यात संस्कृतची अवघड जोडाक्षरंही आहेत. माझी आवड विचाराल तर आतल्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी. हे अक्षर मुळात अभिजात भारतीय साहित्याच्या एका ग्रंथमालेसाठी तयार झालं. हिंदी, मराठी, संस्कृत अशा त्याच्या तीन स्वतंत्र जाती आहेत, आणि मराठी जातीत ल आणि श आपल्या वळणाचे येतात. राज्य शासनाने २०२२मध्ये देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल वापरायचा निर्णय काढला, पण बहुतेक फॉन्ट उघडल्या उघडल्या हिंदी वळणाचे ल-श देतात, आणि मराठी वळण मिळवायला प्रोग्रॅमला भाषा सांगावी लागते. सगळे प्रोग्रॅम ते ऐकतातच असं नाही. म्हणून मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घेतलेला बरा. मराठी पुस्तकात हिंदी वळणाचा ल दिसला की मला अजूनही त्रास होतो, आणि तो व्हावा असं मला वाटतं.

अक्षराचं माप नुसत्या आकड्यावर ठरवू नये. एकाच बारा पॉइंटात एका फॉन्टचं अक्षर मोठं, दुसऱ्याचं बारीक दिसतं. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असल्यामुळे ओळींतलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं. बारा पॉइंट अक्षराला अठराच्या आसपास अंतर देऊन एक पान छापून बघावं, हातभर अंतरावर धरून वाचावं, मग ठरवावं. पडद्यावर मोठं करून पाहिलेलं पान या बाबतीत हमखास फसवतं.

आता छापखाना. पहिलाच फोन होतो तेव्हा पलीकडून "ओपन फाइल द्या" किंवा "फॉन्ट कर्व्ह करून पाठवा", म्हणजे अक्षरांच्या रेषा करून पाठवा, असं ऐकू येतं. यात मुद्रकाची चूक नाही. फॉन्ट नसलेल्या फायलींनी वर्षानुवर्षं त्याच्या प्लेटा वाया गेल्या आहेत. पण युनिकोड फॉन्ट पीडीएफमध्ये नीट बसवलेला असेल तर अक्षर फुटण्याचं कारण उरत नाही. तो बसला आहे की नाही हे पॉपलर या मुक्त संचातल्या एका छोट्या प्रोग्रॅमने तपासता येतं. सगळ्या फॉन्टांपुढे होकार यायला हवा. तरी मुद्रकाचं समाधान होत नसेल तर वाद घालू नका. स्क्रायबस पीडीएफ काढतानाच अक्षरांच्या रेषा करून देतं, घोस्टस्क्रिप्टही देतं. फक्त ती कर्व्ह केलेली प्रत छापखान्यापुरती. मूळ प्रत आपल्याकडे.

छापखान्याला विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्या काम सुरू करण्याआधी विचाराव्यात. पीडीएफ-एक्स-१ए हवी की एक्स-४? पहिली जात २००१ची, तिच्यात पारदर्शकता चालत नाही आणि रंग फक्त छपाईच्या शायांचे. जुन्या यंत्रणेला तीच सोसते. ब्लीड किती, तीन मिलिमीटर की जास्त? फर्मा सोळा पानी की आठ? त्यावर शेवटी किती कोरी पानं राहतील ते ठरतं. पानं जोड्यांनी लावून देऊ नयेत, एकेक पान क्रमाने द्यावं. फर्म्याची मांडणी छापखाना करतो. कण्याची जाडी मात्र बाइंडरकडून त्याच कागदाची कोरी डमी करून घेऊन मोजावी. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथोची दोनशे पानं म्हणजे शंभर कागद, कणा नऊ मिलिमीटरच्या आसपास जातो. पण कागदाची गिरणी बदलली की तो बदलतो, आणि कण्यावरचं नाव सरकून मुखपृष्ठावर आलं की ते पुस्तक कपाटात कायम वाकडं दिसतं. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई घेतली तरी यातली कुठलीच गोष्ट सुटत नाही.

शिक्षकांच्या पुस्तकाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये २०१५पासून पेजमेकरच्या फायली उघडतात. ते काम जुन्या, बंद पडलेल्या फायली वाचवणाऱ्या स्वयंसेवकांनी केलं आहे. मांडणी विस्कटली, चित्रं गेली, पण मजकूर त्या डॉलर-टक्क्यांच्या रूपात का होईना बाहेर आला. फॉन्टच्या नावावरून त्याचा तक्ता मिळवला आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलला. रफार पुढच्या अक्षरावर गेले होते, ऱ्हस्व वेलांट्या मागेपुढे झाल्या होत्या. छापील पुस्तक शेजारी ठेवून शिक्षकांनी स्वतः दीड महिना मुद्रितशोधन केलं. पुन्हा टाइप करण्यापेक्षा ते सोपं गेलं, असं ते म्हणाले. आतली पानं रायटरमध्ये लावली, मुखपृष्ठ स्क्रायबसमध्ये. जुन्या वाड्याचा फोटो नव्याने काढला.

पुस्तक छापून आल्यावर मी त्यांना एक पेनड्राइव्ह दिला आणि दुसरा गावच्या वाचनालयासाठी. त्यात रायटरची मूळ फाइल आहे, तिचाच साधा मजकूर वेगळा आहे, स्क्रायबसची फाइल आहे, सगळे फोटो मूळ आकारात आहेत, दोन्ही पीडीएफ आहेत, फॉन्ट आणि त्याच्या परवान्याचा कागद आहे. आणि एका पानाची मराठीतली चिठ्ठी आहे: कुठला प्रोग्रॅम, कुठली आवृत्ती, पानाचं माप काय, कण्याची जाडी किती, कागद कुठला.